पाण्यातला थोरला

आमच्यात पोर एकटं जन्मत नाही.
आधी पोर येतं, मागून वार येते,
आणि ती वार म्हणजे त्याचा थोरला भाऊ.
मागून येऊन थोरला कसा, विचारू नका.
मला शिकवणाऱ्या सुइणीला मी विचारलं होतं,
तिनं कानशिलात दिली होती.

करवंटीत ठेवायचं, वर चुलीतली राख,
आणि घराच्या शिडीखाली, भरती जिथं टेकते
तिथं सोडायचं.
मग तो तिथंच राहतो.
पोराला ताप चढला की मी खालच्या पायरीवर बसते,
म्हणते, बाबा रे, सोड धाकट्याला, रुसू नको.
बहुतेकदा ऐकतो.

दोनशे अकरा थोरले सोडले मी या हातांनी.
तोरोसिआच्या खांबांखाली आमचं दुसरं गाव आहे,
वरच्याहून मोठं,
आणि त्यात कुणी कुणाशी भांडत नाही.

मग डोंगरात निकेल निघालं.
झाडं गेली तेव्हा वाटलं, झाडं तर डोंगरवाल्यांची.
आम्ही बाजो, आम्हाला डोंगराशी काय करायचंय.
पण पावसाचा हात धरून डोंगर खाली आला
रोज ओंजळ ओंजळ,
आणि आमच्या शिडीशी येऊन बसला.
आता पाण्यात पाय घातला तर घोट्याखाली पाय दिसत नाही.
पोरं पोहून येतात ती विटांसारखी.

कंपनीचा एक गोड बोलणारा माणूस आला होता.
म्हणाला, इबू, या निकेलवर ज्या गाड्या चालतील
त्या धूर सोडत नाहीत.
मी वर बघितलं. तीन धुराडी.
म्हटलं, खरंय,
त्यांच्या वाटचा इथंच सोडून होतो.
तो हसला. वाळत घातलेलं माझं लुगडं
मी त्याच्यासमोरच झटकलं.

रुसदिनला मात्र मी बोलत नाही.
जावई आहे म्हणून नव्हे.
आठ वर्षांचा असताना श्वास धरून
तो तळाचा ऑक्टोपस हातानं काढायचा,
आता रात्रपाळीला भट्टीसमोर उभा असतो.
त्याच्या पगारातून फ्रीज आला.
फ्रीजमध्ये केंदारीहून आलेली मासळी असते,
बर्फातली, डोळे पांढरे झालेली.
समुद्रावर घर बांधून आम्ही मासळी विकत घेतो.
यावर काय बोलायचं ते मला अजून सुचलेलं नाही.

हासनिआ कंपनीच्या दवाखान्यात बाळंत झाली.
मुलगी. छान रडली.
मी वार मागितली.
नर्स जावाची पोरगी, वुलान नाव, वाईट नव्हती.
पिवळ्या पिशवीकडे बोट करून म्हणाली,
हा धोकादायक कचरा, इबू,
हा समुद्रात टाकता येत नाही.
नियम आहे.

मी खिडकीतून बाहेर बघितलं.
तिनंही बघितलं.
मग म्हणाली, मला पाच मिनिटं बाहेर काम आहे.

तांदळाच्या डब्यात घालून आणली.
शिडीखाली सोडवेना.
रुसदिन रात्रपाळी करून आला होता,
भुवया करपलेल्या,
काही न विचारता होडीत बसला.
एक तास गेलो, पाणी तांबडं.
दोन तास, राखाडी.
तिसऱ्या तासाला इंजिन बंद करून तो वाकून बघत राहिला,
खाली त्याला स्वतःचा हात दिसला, पाची बोटं.
करवंटी त्यानंच सोडली.

परवा पोरीला खोकला लागला, मोठ्यांसारखा.
मी खालच्या पायरीवर जाऊन बसले.
हाक मारायला तोंड उघडलं,
आणि आठवलं, तो इथं नाही,
तीन तासांवर आहे, एकटा, अनोळखी पाण्यात.
इथं आहेत ते दोनशे अकरा.
गुडघाभर गाळाखाली.
त्यांना मी आता काय सांगू, आणि ते कशानं ऐकणार?

मागं पायरी वाजली.
रुसदिन होता, कामाच्या बुटांत.
म्हणाला,
अर्धा कॅन पेट्रोल आहे.